१२३४५६७८९८७६५४३२१: नुसती गंमत की गणितही?

नववीतल्या मुलीच्या बाबांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलीला फोनवर फिरणारा एक तक्ता मिळाला: ११ गुणिले ११ बरोबर १२१, १११ गुणिले १११ बरोबर १२३२१, आणि असं करत नऊ एक्क्यांना नऊ एक्क्यांनी गुणलं की १२३४५६७८९८७६५४३२१. तिने दहा एक्क्यांचं उत्तर आपल्याच मनाने १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असं लिहून टाकलं. कॅल्क्युलेटरशी ते जुळेना. एक्सेलमध्ये तर नऊ एक्क्यांच्या उत्तरातही शेवटी ३०० दिसतं. मग तक्ता खरा की खोटा? नमुना नवापाशीच का मोडतो? आणि दिसायला छान असण्यापलीकडे या संख्येत काही आहे का?

तक्ता खरा आहे, नऊ एक्क्यांपर्यंत. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र वेळ लागेल.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. फोन नव्हते तेव्हाही हा तक्ता दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर असायचाच. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, कारण मुलं चित्र बघून खूश व्हायची आणि तिथेच थांबायची. पुढे लक्षात आलं की या एका संख्येवर बीजगणिताचे चार तास सहज निघतात, आणि शेवटच्या बाकावरची मुलंही त्या तासांना जागी असतात.

पहिलं काम: तिला हा गुणाकार कागदावर उभा मांडून करायला सांगा. चौकटीची वही घ्या. वर नऊ एक्के, खाली नऊ एक्के. दर ओळीत तेच नऊ एक्के उतरतात, फक्त प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. नऊ ओळी झाल्या की पानावर एक्क्यांची तिरकी पट्टी दिसते. आता बेरीज करायची म्हणजे प्रत्येक स्तंभात किती एक्के आहेत तेवढे मोजायचे. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, नवव्यात नऊ. तिथून पुढे पट्टी वरून संपत येते, म्हणून दहाव्यात आठ, अकराव्यात सात, आणि सतराव्यात पुन्हा एक. कुठल्याही स्तंभात नवापेक्षा जास्त एक्के नाहीत, म्हणून हातचा एकदाही घ्यावा लागत नाही. मोजलेले आकडे जसेच्या तसे उत्तरात उतरतात. सगळी जादू एवढीच.

दहा एक्के घेतले की मधल्या स्तंभात दहा एक्के येतात. तुमच्या मुलीने तिथे १० लिहिले, पण एका घरात दोन अंक मावत नाहीत. शून्य लिहायचं, हातचा एक. पुढच्या स्तंभात नऊ एक्के होते, हातचा मिळवून दहा: पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्यापुढच्या आठात तो मिळवून नऊ. तिथे हातचा जिरतो, आणि मग सात, सहा, पाच असे खाली उतरतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचताना सातानंतर एकदम नऊ येतात, आठ गायब. हा गायब झालेला आठ लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ ही या रांगेतली हातच्याशिवाय निघणारी शेवटची संख्या. नऊचा मान कुठून आला? आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून. आठ बोटांची माणसं असती आणि आठाच्या पटीत मोजत असती, तर त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर सात एक्क्यांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसला असता आणि तक्ता तिथेच अडला असता. तीनच्या पटीत मोजणाऱ्यांकडे फक्त ११ गुणिले ११ बरोबर १२१ उरतं. त्यांच्या ११ चा अर्थ आपला चार, त्यांच्या १२१ चा अर्थ आपला सोळा. चार चोक सोळा! नमुना तोच, फक्त आपल्याला ओळखू येत नाही.

आता नववीच्या पुस्तकातली बहुपदी बाहेर काढा. १ + क्ष + क्षचा वर्ग + क्षचा घन असं क्षच्या आठव्या घातापर्यंत लिहा. एकूण नऊ पदं, प्रत्येकाचा सहगुणक १. या बहुपदीचा वर्ग केला तर सहगुणक क्रमाने १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १ असे येतात. इथे हातच्याचा प्रश्नच नाही, कारण क्षचं एक पद दुसऱ्या पदात कधी मिसळत नाही. आपली संख्या म्हणजे याच वर्गात क्षच्या जागी १० ठेवून आलेली किंमत.

क्षच्या जागी १ ठेवला तर? कंसात नऊ एक्क्यांची बेरीज ९, तिचा वर्ग ८१. पण क्ष एक असताना वर्गाची किंमत म्हणजे सगळ्या सहगुणकांची बेरीज, म्हणजेच आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज. १ पासून ९ पर्यंत चढून परत १ पर्यंत उतरा: बेरीज ८१ भरते. ती ८१ च का येते, हे वेगळं पाठ करायची गरज उरली नाही. क्षच्या जागी उणे एक ठेवा. कंसात १ उणे १ अधिक १ असं करत शेवटी १ उरतो, त्याचा वर्ग १. म्हणजे एक अंक सोडून एक अंक अशी वजाबाकी-बेरीज केली की १ उरतो, आणि या संख्येला ११ ने भागल्यास बाकी १ येते. क्षच्या जागी १०० ठेवा, मग १०१०१०१०१०१०१०१०१ या संख्येचा वर्ग १०२०३०४०५०६०७०८०९०८०७०६०५०४०३०२०१ असा ऐसपैस पसरतो. इथे प्रत्येक सहगुणकाला दोन घरं मिळतात, म्हणून हा तक्ता नवावर न अडता ९९ पर्यंत बिनदिक्कत जातो. तुमच्या मुलीला जे १० मधोमध लिहायचं होतं, ते या संख्येच्या पुढच्या भावंडात खरोखर मधोमध बसतं.

मी वर्गात इथे थांबून एक प्रश्न विचारायचो. दहा एक्क्यांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज शंभर यायला हवी होती. प्रत्यक्षात १२३४५६७९००९८७६५४३२१ च्या अंकांची बेरीज ८२ भरते. अठरा गेले कुठे? उत्तर सोपं आहे, पण शोधू द्यावं: एका घरातले दहा जातात आणि शेजारच्या घरात एक येतो, म्हणजे प्रत्येक हातच्यामागे अंकांची बेरीज नवाने घटते. हातचे दोन, घट अठरा. हे एकदा उमगलं की 'अंकांच्या बेरजेला नवाने भाग गेला तर संख्येलाही जातो' ही पाठ केलेली कसोटी मुलं स्वतःच सिद्ध करतात.

इथवर जे पाहिलं ते बहुतेक लिहिण्याच्या पद्धतीचं कौतुक. उलटसुलट सारखी वाचता येणं, चढून उतरणं, अंकांची बेरीज, हे सगळं दशमान पद्धतीचं देणं आहे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत हीच संख्या ५४ अंकी होते, आणि तिथे १ ते ९ चढायला २ हा अंकच नसतो. मग कुठल्याही पद्धतीत लिहिली तरी जे बदलणार नाही असं काय? तिचे अवयव.

नऊ एक्क्यांचे अवयव पाडायला घ्या. नऊ म्हणजे तीन त्रिक नऊ, म्हणून १११ चे तीन गट पडतात: १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. पहिल्याचे अवयव सगळ्यांना ठाऊक असतात, ३ गुणिले ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज तीन, म्हणून तीनने भाग जातो आणि ३३३६६७ उरतात. ही मूळ संख्या आहे का? नेहमीच्या पद्धतीने तपासायचं तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. कारण ५७८ चा वर्ग ३३३६६७ च्या पुढे जातो.

पण थोडी अक्कल वापरली की काम खूप कमी होतं. ३३३६६७ ला भागणारी मूळ संख्या नऊ नवांच्या संख्येलाही भागणार, म्हणजे दहाच्या नवव्या घाताला तिने भागल्यावर बाकी १ राहणार. बाकी १ पहिल्यांदा दहाच्या कितव्या घाताला आली, तो घातांक नऊचा विभाजक असलाच पाहिजे: १, ३ किंवा ९. पहिल्या घाताला आली तर ती मूळ संख्या ३. तिसऱ्याला आली तर ती ९९९ ची अवयव, म्हणजे ३७. या दोघींनी ३३३६६७ ला भाग जात नाही: अंकांची बेरीज २८ आहे, आणि ३७ ने भागल्यावर बाकी १ येते. उरला नववा घात. तिथे फर्माचा छोटा सिद्धांत (मूळ संख्येतून एक वजा करा, दहाच्या तितक्याव्या घाताला तिने भागलं की बाकी १ येते) सांगतो की त्या मूळ संख्येतून एक वजा केला तर नवाने भाग गेला पाहिजे. संख्या विषम असल्याने अठरानेच. म्हणजे १९, ३७, ७३, १०९, १२७ अशा, अठराच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. ५७७ पर्यंत त्या जेमतेम १७ आहेत. अर्ध्या तासात हाताने होतं. एकीनेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

ही ३३३६६७ मला आपल्या मोठ्या संख्येपेक्षाही आवडते. एकाला तिने भागलं तर ०.०००००२९९७०००००२९९७ असं नऊ-नऊ अंकांचं आवर्तन मिळतं, आणि नेमकं नऊ अंकी आवर्तन देणारी मूळ संख्या ही एकटीच आहे. तिचा वर्ग १११३३३६६६८८९. हे मी एकदा फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलाने 'सर, ही मोबाइल नंबरसारखी दिसते' असं म्हटलं होतं. अंक दोन जास्त आहेत, पण मुद्दा पोचला.

तर मूळ अवयवांत आपली संख्या अशी: ३×३×३×३×३७×३७×३३३६६७×३३३६६७. फक्त तीन वेगळ्या मूळ संख्या. घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते: ५×३×३ म्हणजे ४५. विषम आली, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे आणि वर्गमूळाला जोडीदार नसतो. कुणीतरी तुम्हाला सांगेल की १ ते ९ ची बेरीजही ४५ येते, बघा कसा संबंध! तो संबंध नाही, योगायोग आहे. असे योगायोग आणि खरी कारणं वेगळी करता येणं हीच या विषयातली अर्धी शिदोरी.

मूळ अवयव हातात आले की भूमितीही आपोआप येते. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? नियम असा की चारने भागल्यावर बाकी ३ येणाऱ्या मूळ संख्या यात काही मदत करत नाहीत, बाकी १ येणाऱ्या करतात. ३ ची बाकी ३. ३३३६६७ चे शेवटचे दोन अंक ६७, त्याचीही बाकी ३. एकटी ३७ कामाची, कारण ३७ म्हणजे ३६ अधिक १. तिच्या वर्गाचं त्रिकूट १२, ३५, ३७, म्हणजे १२ आणि ३५ च्या वर्गांची बेरीज ३७ चा वर्ग. या तिन्हींना ३००३००३ ने गुणा: ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११. म्हणजे कर्ण नऊ एक्क्यांचा असेल असा पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण अस्तित्वात आहे, आणि तो एकच आहे. इतक्या देखण्या बाजूंचा त्रिकोण मी दुसरा पाहिलेला नाही. हे मात्र फोनवर फिरत नाही.

आता गायब झालेल्या आठाकडे. नऊ एक्क्यांना नवाने भागा: १२३४५६७९. आठ नाहीच. एकाला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं अखंड चालतं, तिथेही आठ नाही. कारण तेच. एक भागिले नऊ म्हणजे ०.१११ असं अनंत, त्याचा वर्ग करताना स्तंभात १, २, ३ करत ८, ९, १०, ११ असे एक्के साचतात. दहाचा हातचा नवाला दहा करतो, त्याचा हातचा आठाला नऊ करतो. आठाचा बळी हातच्याने घेतला.

आणि या १२३४५६७९ चं आपल्या संख्येशी सरळ नातं आहे: १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९ म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ नवांनी गुणायचं म्हणजे पुढे नऊ शून्यं लावून मूळ संख्या वजा करायची. वजाबाकीत डावा भाग एकाने कमी होतो, १२३४५६७८ (बघा, आठ परत आला), आणि उजव्या भागात अब्जातून १२३४५६७९ वजा जाऊन ९८७६५४३२१ उरतात. म्हणूनच १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ या दोन तुकड्यांची बेरीज बरोबर नऊ नव येते. मधला नऊ बाजूला ठेवून डावे आठ आणि उजवे आठ अंक मिळवले तरी आठ नव येतात. तुमच्या मुलीला हे आधी करून बघू द्या, कारण नंतर सांगा.

इथे आपल्याकडच्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डहाणूत १९०५ मध्ये जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि १९३० ते १९६२ नाशिकला शाळामास्तर. राहायला देवळालीला. ६१७४ ची त्यांची गोष्ट (चार अंकी संख्येचे अंक, सगळे सारखे नसलेले, उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ च येते) सगळ्यांना माहीत असते, पण १, १२१, १२३२१ या आपल्या रांगेचं नामकरणही त्यांचंच. त्यांनी या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. (आजच्या मध्य) रेल्वेच्या एका स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचं नाव संख्यांना दिलं. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली असं सांगतात, आणि अंतर जुळतंही. गाडीची वाट बघताना नव्या संख्या सुचल्या असा माणूस मध्य रेल्वेवर दुसरा झाला नसेल.

कापरेकरांनी आणखी दोन प्रकार मांडले, आणि गंमत अशी की आपली संख्या त्या दोन्हींच्या घरात पाय ठेवते. पहिला, हर्षद संख्या: आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती, हर्ष देणारी. आपल्या अंकांची बेरीज ८१, आणि अवयवांत तीनाचा चौथा घात आहेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग. एक ते नऊ एक्क्यांच्या या रांगेत किती संख्या हर्षद आहेत? फक्त तीन. एक्क्यांची संख्या 'न' मानली तर अंकांची बेरीज 'न' चा वर्ग, म्हणून त्या 'न' एक्क्यांना 'न' ने भाग गेला पाहिजे. 'न' सम असेल तर जात नाही, पाचाने जात नाही, सात एक्क्यांना सातने भागल्यास बाकी १ उरते. राहिले १, ३ आणि ९. म्हणून १, १२३२१ आणि आपली.

दुसरा प्रकार, ज्याला आता जगभर कापरेकर संख्याच म्हणतात: वर्ग करा, त्याचे दोन तुकडे करा, बेरीज केली की मूळ संख्या परत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. आता आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणा. नऊ एक्क्यांचा वर्ग गुणिले नवाचा वर्ग, म्हणजे नऊ नवांचा वर्ग: ९९९९९९९९८००००००००१. दोन तुकडे करा, ९९९९९९९९८ आणि १. बेरीज ९९९९९९९९९. एकाच मास्तरांच्या तीन कल्पना एका ओळीत आल्या.

'प्राचीन रहस्य' असा मथळा लावून हा तक्ता फिरवणाऱ्यांना खरी प्राचीन गोष्ट बहुधा माहीत नसते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या 'एकापासून सहापर्यंत, मग क्रमाने उतरत' अशा अर्थाच्या शब्दांत येते. ती मिळवण्यासाठी दिलेला गुणाकार २७९९४६८१ गुणिले ४४१. वरवर पाहता हे आकडे कुठून काढले कळत नाही. पण ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक्के. आचार्यांना सहा एक्क्यांचे अवयव पक्के माहीत होते आणि विद्यार्थ्याला ते लपवून द्यायचे होते. पेपर काढणारा मास्तर हजार वर्षांपूर्वीही असाच होता.

मोठ्या संख्येला नाव काय, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. आजच्या पद्धतीने वाचायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटीचे कोटी झाले, कानाला बरं वाटत नाही. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत एकं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत, दर स्थान मागच्याच्या दहापट. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली, 'मध्य' या स्थानापासून सुरू होते. मोठ्याने वाचा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा १२०७ चा शिलालेख आहे. आचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यावर आहे. तिथल्या मुलांनी ही नावं अशीच घोकली असणार.

राहिलं एक्सेल. त्याचं चुकलं नाही, त्याची मर्यादा आहे. ते पंधरा अंक जपतं आणि पुढचे शून्य करून टाकतं, म्हणून १२३४५६७८९८७६५४३००. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला हीच संख्या साध्या पद्धतीने दिली तर ती १२३४५६७८९८७६५४३२० दाखवते. तिथे एकही विषम संख्या न सोडता मोजणी फक्त दोनच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंत, ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत चालते. त्यापुढे लगेच दोन-दोनाच्या पावलांनी चालावं लागतं आणि आपली विषम संख्या दोन पावलांच्या मधोमध पडते. पायथन या संगणकाच्या भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, तिथे शेवटचे तीन अंक ३२१ बरोबर दिसतील.

तरी मी यंत्राकडे जाणार नाही. १२३४५६७९ लिहा, त्यापुढे नऊ शून्यं द्या, खाली उजव्या टोकाला जुळवून पुन्हा १२३४५६७९ लिहा आणि वजा करा. पाऊण मिनिट लागतं, आणि एक्सेलपेक्षा दोन अंक जास्त मिळतात.